ऊन, भिंग आणि आमचे मामा

माणसाने मोजायची सोडली आहे अशी वस्तू जगात फारशी उरलेली नाही. खामगावच्या बाजारात कापूस क्विंटलवर मोजतात, मलकापूरच्या फलाटावर गाडीचा उशीर मिनिटांवर मोजतात, आणि लग्नातला आहेर तर मोजतातच, शिवाय वहीत लिहून ठेवतात. पण उजेड मोजायची पाळी आपल्यापैकी किती जणांवर येते? "अंधार पडला, दिवा लावा" आणि "फार ऊन आहे, छत्री घ्या" या दोन मापांवर आपलं आयुष्य आरामात निघून जातं.

याला कारण आपला डोळा. डोळ्याइतका सभ्य, गोडबोल्या आणि खोटारडा नोकर दुसरा नसेल. दुपारी बारा वाजता तुम्ही अंगणातून माजघरात आलात म्हणजे उजेड काही पाचशेपटीने, कधी हजारपटीने उतरलेला असतो. पण डोळा बाहुली मोठी करतो, आतल्या आत काय ती तडजोड करतो आणि तुम्हाला सांगतो, "काही नाही, जरा सावली आहे इतकंच." आणि तुम्ही विश्वास ठेवता. फिल्मला ही सभ्यता शिकवलेली नसते. जेवढा उजेड मिळाला तेवढाच ती लिहून ठेवते. जास्त मिळाला तर पांढरी पडते, कमी मिळाला तर काळी पडते, आणि हे सगळं तुम्हाला महिन्या-दीड महिन्याने, पैसे भरल्यावर, सगळे नातेवाईक भिंतीवर टांगलेल्या चादरीसमोर जमल्यावर कळवते.

सिनेमाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं चाळलीत तर त्यांत नट आहेत, दिग्दर्शक आहेत, पळून गेलेले भागीदार आहेत. या उजेडाच्या हिशेबावर मात्र कोणी चार ओळी खर्च करत नाही. वास्तविक पहिल्या दिवसापासून सगळ्यांची झोप उडवली ती या हिशेबाने. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांना त्याचं वेड लागलं. दादा मुळात फोटोग्राफर. त्यांनी परदेशातून यंत्र मागवलं आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती लावून ती टिपली. आपल्या माणसाने आपल्या मातीत काढलेला हा पहिला चित्रपट. आता यातली गंमत अशी, की ही फिल्म धुवायला लंडनला गेली. म्हणजे पैलवानांनी घाम पुसला, आंघोळी केल्या, घरी जाऊन दूध प्याले, पुढच्या दोन-चार कुस्त्याही मारल्या असतील, तरी ही कुस्ती फिल्मवर उमटली आहे की नाही हे दादांना ठाऊक नाही. बोट जाणार, बोट येणार, मग कळणार. आजकाल फोनवर फोटो काढून तत्क्षणी "हा नको, यात मी जाड दिसते" असं म्हणणाऱ्यांनी सावेदादांच्या त्या मधल्या दिवसांचा जरा विचार करावा.

दादासाहेब फाळके तर याहून वस्ताद. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि पैसेवाल्याला पटवण्यासाठी त्यांनी पहिल्यांदा कशाचं चित्र काढलं, तर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं. रोज थोडं थोडं चित्रण करायचं, आणि शेवटी पडद्यावर दाणा बघता बघता वेल होऊन बसायचा. हे वाचताना सगळे वाटाण्याचं कौतुक करतात. मी उजेडाचं करतो. कारण रोजचा उजेड काही वाटाण्यासाठी थांबत नाही. आज लख्ख, उद्या ढगाळ, परवा शेजाऱ्याने धोतर वाळत घातलेलं. प्रत्येक दिवसाचा अंदाज वेगळा, आणि सगळे एका माळेत बसले पाहिजेत. हाताशी मीटर नाही. सूर्याकडे बघायचं, कुंडीकडे बघायचं आणि हँडल फिरवायचं. कोरी फिल्म अंधारात बसून भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करीत, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण अंधारातली ती बाई आणि उजेडातला हा गृहस्थ मिळून आपल्याकडचा सिनेमा सुरू झाला, एवढं माझ्या मते शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नाही.

ही झाली धंद्याची माणसं. घरगुती सिनेमाची कथा पुढे सुरू होते. फ्रान्समध्ये पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची फिल्म काढली, कोडॅकने १९२३ साली सोळाची, आणि मग १९३२ साली, जगभर मंदी असताना, आठ मिलिमीटरची. सोळाच्या फिल्मवर आधी एका कडेने अर्धं चित्र घ्यायचं, रीळ उलटं घालून दुसऱ्या कडेने उरलेलं, आणि धुतल्यावर मधोमध चिरून दोन्ही तुकडे जोडायचे. एका धोतराची दोन पंचे करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला ही युक्ती ताबडतोब पटली असती. पंचवीस फुटांत चार मिनिटं. पृथ्वीवरचे सगळे बाप आपापल्या मुलांची पहिली पावलं टिपायला लागले ते तेव्हापासून.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, रुपया-आण्यांत सांगतो.

फिल्मला उजेड पाजायचा म्हणजे नळाखाली घागर लावण्यासारखं आहे. नळ किती उघडा आणि किती वेळ उघडा, या दोन गोष्टी. साध्या फोटोच्या कॅमेऱ्यात दोन्ही तुमच्या हातात असतात. सिनेमाच्या कॅमेऱ्यात वेळ हातात नाही. सेकंदाला सोळा चित्रं घ्यायची म्हटली की प्रत्येकाच्या वाट्याला एका सेकंदाचा तीस-चाळिसावा भाग येतो, त्यात घासाघीस नाही. उरला फक्त नळ. या नळावर आकडे असतात : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. दर आकड्याला उजेड निम्मा. दोनवर रुपया मिळत असेल तर २.८ वर आठ आणे, चारवर चार आणे, ५.६ वर दोन आणे. या एकेका पायरीला स्टॉप म्हणतात. आकडा मोठा तर भोक लहान, यात नवशिका हमखास गोंधळतो. त्याने वाडवडिलांच्या वाड्याची वाटणी आठवावी. वाटेकरी सोळा झाले की खोली लहानच येणार.

त्या काळच्या रंगीत फिल्मची ताकद आजच्या मानाने फारच बेताची. कोडाक्रोम पहिल्यांदा निघाली तेव्हा तिचा वेग दहाच्या आसपास होता. तिच्या डब्यात एक चिठ्ठी येई : स्वच्छ ऊन असेल तर आठ, पातळ ढग असतील तर ५.६, सावलीत चार, वगैरे. जगातले लाखो लोक ती चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पाकिटात चिकटवून सुखाने सिनेमे काढत होते.

आमचे मोठे मामा सोडून.

मामा खामगावला शाळेत भूगोल शिकवीत. आफ्रिकेतून परतलेल्या एका गृहस्थांकडून त्यांनी साठीच्या दशकात एक चावीचा आठ मिलिमीटरचा कॅमेरा विकत घेतला. किती रुपयांना घेतला हे मामीला कधीच सांगण्यात आलं नाही, त्यामुळे तो आकडा इतिहासाला मुकला आहे. मामांचं त्या चिठ्ठीशी पहिल्या दिवसापासून पटेना.

"ही चिठ्ठी कुठे छापली? रॉचेस्टरला. रॉचेस्टर कुठे आहे? त्रेचाळीस अंशांवर. बर्फ पडतं तिथे! त्यांचं स्वच्छ ऊन म्हणजे आपल्याकडची पौर्णिमा. वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन यांनी बघितलंय का कधी?" असं म्हणून मामा आठच्या जागी अकरा लावीत. पारा त्रेचाळीसवर गेला तर सोळा.

वर्गात नकाशा टांगून बोलावं तसं ते बोलत, त्यामुळे उलट बोलायची कोणाची छाती होत नसे. परिणाम व्हायचा तो झाला. आमच्या घराण्याच्या पहिल्या पाच वर्षांचा सिनेमा संध्याकाळी सात वाजता घडल्यासारखा दिसतो. भर दुपारची मुंज आहे आणि बटू दिव्याशिवाय भिक्षा मागतोय.

मामांची चूक कुठे होती? ऊन भाजतं किती आणि उजळतं किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मराठीत दोन्हींना 'ऊन'च म्हणतात, त्यामुळे भाषेनेही मामांना दगा दिला. डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी कॅमेऱ्याला जेवढा सूर्य मिळतो, त्याच्यापुढे मे महिन्यातला काही दुप्पट-चौपट नसतो. चौपट होते ती फक्त आपली चिडचिड. उलट, बुलढाणा जिल्हा साडेवीस अंशांच्या आसपास पडतो. मे महिना संपता संपता सूर्य ऐन दुपारी थेट डोक्यावर येतो, इतका की उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. हे मामा दरवर्षी सातवीच्या पोरांना मैदानात उभं करून दाखवीत असत. मग त्या वेळी उजेड कुठे पडतो? टाळूवर आणि खांद्यावर. कपाळाच्या छपराखाली डोळे म्हणजे दोन विहिरी होतात. तेव्हा असल्या दुपारी चेहरा टिपायचा तर नळ बंद करायचा नसतो, थोडा जास्तच सोडायचा असतो. भूगोलाच्या मास्तरांना भूगोल पूर्ण ठाऊक होता, फक्त तो कॅमेऱ्याला लावायचं राहून गेलं होतं. पुष्कळ विद्वानांचं असंच असतं.

घरातून फारच तक्रारी झाल्या तेव्हा सत्तरीच्या दशकात मामांनी जुना कॅमेरा दिला आणि भर घालून सुपर एट घेतला. ही कोडॅकची १९६५ सालची करामत. फिल्म डबीत बंद. उलटायची भानगड नाही, अंधार शोधायची भानगड नाही, डबी खटकन बसवायची आणि घोडा दाबायचा. पन्नास फूट, तीन मिनिटं वीस सेकंद. डबीच्या कडेला एक खाच असते. ती खाच कॅमेऱ्याला आतून सांगते की मी अमुक वेगाची फिल्म आहे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे उजेड कॅमेराच मोजणार. मामी म्हणाली, "म्हणजे आता यांना काही ठरवायचं नाही ना? मग घ्या."

उजेड मोजणाऱ्या यंत्राचा इतिहासही मोठा रंजक आहे. सेलेनियम नावाच्या धातूसारख्या पदार्थावर उजेड पडला की चिमूटभर वीज निर्माण होते. त्यावर अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने १९३२ साली फोटोग्राफरसाठी मीटर काढलं. सेल नको, काही नको, उजेडच त्याचं अन्न. पुढे पन्नाशीच्या दशकात हेच मीटर घरगुती सिनेकॅमेऱ्याच्या कपाळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं बसवलं आणि त्याला 'विजेचा डोळा' अशी पदवी दिली. केनेडींचा खून ज्यात टिपला गेला तो डॅलसच्या एका कापडवाल्याचा कॅमेरा याच जातीचा. आठ मिलिमीटर, चावीचा, पुढे विजेचा डोळा. अवघी सव्वीस सेकंदं, चारशे शहाऐंशी चित्रं, आणि उजेड अगदी नेमका. माणसाचे हात थरथरत असतील, पण डोळ्याने आपलं काम केलं. सेलेनियमला मात्र म्हातारपण येतं. ओलीने आणि वर्षांनी तो आंधळा होत जातो, आणि त्याला चष्मा नाही.

म्हणून साठीनंतर कॅडमियम सल्फाइड आलं. हे स्वतः वीज तयार करत नाही; उजेड पडला की वाट मोकळी करून देतं, मग सेलची वीज त्यातून वाहते आणि काटा हलवते. नजर तीक्ष्ण, पण पोटाला सेल लागतो. तोही कसला? पाऱ्याचा, छोट्या बटणासारखा. पाऱ्याच्या सेलचा गुण असा की पहिल्या दिवसापासून मरेपर्यंत तो १.३५ व्होल्ट देतो, कमी नाही, जास्त नाही. सरकारी पेन्शनसारखा. सगळ्या मीटरांचं गणित या १.३५ वर बांधलेलं.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आता लोणारला जायला हरकत नाही.

लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने झालेलं, विवराचा व्यास पावणेदोन किलोमीटरच्या थोडा वर, पाणी खारं आणि अल्कलीचं, हे सर्वांना माहीत आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी सूक्ष्म जीवांमुळे गुलाबी झालं, तेव्हा ज्यांनी आयुष्यात लोणारचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही त्याचे फोटो एकमेकांना पाठवले. पण माझ्या कथेला लागतो तो काठ. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर क्षारांचा पांढरा थर उघडा पडतो. चुना फासल्यासारखा. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त या भागाबद्दल लिहून ठेवलं आहे की काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो. म्हणजे ज्या क्षारापासून काच होते तो क्षार एका बाजूला, आणि काचेचं भिंग घेतलेले मामा दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता.

१९७७ चा एप्रिल. आजीला कमळजा देवीची ओटी भरायची होती. देवीचं देऊळ खाली, पाण्याच्या काठाशी. आजी सत्तरीची, पण विवर उतरताना तिने कोणाचा हात धरला नाही. उलट मामांना दोनदा धरलं. अंगावर गर्द जांभळं लुगडं. ओटी भरून ती देवळाबाहेर आली, पांढऱ्या काठाकडे पाठ करून उभी राहिली, मामांनी घोडा दाबला. चौदा सेकंदं. त्या चौदा सेकंदांत तिने कपाळावर आडवा हात धरला, मामांकडे बघून काहीतरी बोलली आणि मग हात झटकून चालायला लागली.

त्या पावसाळ्यात आजी गेली.

रीळ मुंबईमार्फत धुऊन यायला वेळ लागला. दिवस उरकल्यावर एका रात्री खामगावच्या माडीवर चादर टांगली, सगळी भावंडं बसली. देऊळ आलं, झाडं आली, आम्ही पोरं वाकुल्या दाखवत आलो. मग काठ आला, सुरेख, दगडन् दगड दिसावा असा. आणि काठापुढे बाईच्या आकाराचं एक काळं भोक. ते भोक हलत होतं. माझी आई उठून आत गेली. एक मावशी एवढंच म्हणाली, "दादा, एक आई होती. तीसुद्धा काळी केलीस."

आमच्याकडे भांडणं रीतसर होत नाहीत. नंतर कोणी तो विषय काढला नाही, आणि मामांनी कॅमेरा पेटीत घातला तो पुन्हा काढला नाही. पुढे दरसाल श्राद्धाच्या दिवशी आजी तेव्हा काय बोलली यावर मात्र चर्चा होई. आई म्हणे, "पुरे आता" म्हणाली. मावशी म्हणे, "चला घरी." मामा गप्प बसत.

ती पेटी चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. डांबराच्या गोळ्या, दोन धोतरं, कॅमेरा आणि ते रीळ. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिचा या प्रकरणात काही दोष निघाला नाही, उगाच आळ नको. मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस. कागद जुळवणं, नोंदी तपासणं हा माझा धर्म. तेव्हा ठरवलं की या काळ्या भोकाची एकदा रीतसर चौकशी करायची.

पहिला आरोपी काठ. कॅमेऱ्याचा विजेचा डोळा माणूस ओळखत नाही, देव ओळखत नाही. समोर जे दिसतं त्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडी असेल असं धरून चालतो. चौकटीत तीनचतुर्थांश पांढराशुभ्र क्षार असल्यावर त्याने सरासरी काय काढावी? "फार उजेड आहे बुवा," म्हणून नळ आवळला. आजीच्या वाट्याला रुपयातले चार आणे आले असतील. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यांत गरीब माणूस हरवतो, तशी त्या सरासरीत आमची आजी हरवली. यावर उपाय काय, हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत होतं : माणसाजवळ जा, चेहऱ्याचं किंवा तळहाताचं माप घ्या, कळ दाबून तो आकडा तिथेच अडकवून ठेवा आणि मग मागे या. पुस्तिका वाचून कॅमेरा वापरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण एवढ्याने चेहरा अगदी नाहीसा होत नाही. अंधुक तरी दिसला असता. म्हणून मी सेलचं झाकण उघडलं. आत हिरवा बुरा चढलेला, आणि त्यात एक बटण. पुसलं तर त्यावर आकडा : १.५. पाऱ्याचा नव्हेच! खामगावात तेव्हा पाऱ्याचा सेल कुठून मिळणार? मामांनी कोणाकडून तरी मापाने बसणारा सेल आणला, बसला, काटा हलला, काम झालं. आता बघा, १.३५ च्या गणितात १.५ घातले तर काटा जरा जास्त उसळतो. सगळ्याच कॅमेऱ्यांत असं होत नाही. काहींत दोन बाजू एकमेकींना सांभाळून घेतात. पण आमच्या कॅमेऱ्याच्या मंडलात तशी सोय नव्हती. कॅमेऱ्याला वाटलं, आहे त्याहून जास्त उजेड आहे, आणि त्याने नळ आणखी एक पायरी आवळला. चार आण्यांचे दोन आणे झाले. मामांच्या हातात त्या दिवशी काही ठरवायचं नव्हतंच. त्यांची वैशाखाची थिअरी त्या दुपारी घरी होती. पंचेचाळीस वर्षं माणूस ज्या गुन्ह्यासाठी गप्प बसला, तो मुळात एका सेलने आणि एका सरोवराने संगनमत करून केला होता.

निकाल लागला, पण शिक्षा भोगून झाल्यावर. मामा तेव्हा नव्वदीकडे झुकलेले, कानाने ठार. मी खामगावला जाऊन कागदावर सगळा हिशेब मांडला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "कॅमेरा चालू होतो का बघ."

आता पाऱ्याचे सेल बंद होऊनही बरीच वर्षं झाली. पारा माणसाला काय करतो हे जपानमध्ये मिनामाताला जगाने पाहिलं, आणि नव्वदीच्या दशकात हे सेल बाजारातून गेले. ते गेले ते योग्यच झालं. पण जगातले लाखो जुने कॅमेरे एका रात्रीत उपाशी पडले. त्याला जो तोड निघाला तो मला फारच आवडतो. बहिऱ्या माणसाच्या कानातल्या यंत्रात जस्ताचा एक सेल असतो, हवेवर चालणारा. वरचा चिकट कागद काढला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि तो सुरू होतो, १.४ व्होल्टच्या जवळपास. पाऱ्याच्या जागी चालून जातो. त्यातला ६७५ नंबरचा सेल घ्यायचा. कडेला जरा सैल बसतो, म्हणून भोवती कडं लागतं; मी सायकलवाल्याकडून एक वॉशर आणून कानशीने घासून बसवला. छिद्रं मात्र बुजवायची नाहीत, नाहीतर तो गुदमरतो. कागद एकदा काढला की वापरा न वापरा, महिन्या-दोन महिन्यांत संपतो. हवा खाऊन संपणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहिली.

बाकीचं काम धीराचं. सेलच्या घरातला हिरवा बुरा कापसाने थोडं व्हिनेगर लावून काढला, मग स्पिरिटने पुसलं, तांब्याची पट्टी खोडरबराने घासली. उजेडाचा काटा जुन्या ग्रीसमध्ये रुतला होता. इथे पुष्कळ लोक उत्साहाने तेल सोडतात. सोडू नये, ते भिंगावर जाऊन बसतं. मी कॅमेरा नुसता हळूहळू उन्हाकडे आणि सावलीकडे वळवत राहिलो, चार दिवस, रोज दहा मिनिटं. शेजाऱ्यांना वाटलं मी ग्रहण शोधतोय. चौथ्या दिवशी काटा सरकला. मग राखाडी कागद उन्हात धरून मोबाइलमधल्या मीटरशी आकडे ताडून पाहिले, तर फरक पाव-अर्ध्या स्टॉपचा. नवी फिल्म घालायची तर डबीची खाच कॅमेऱ्याला वाचता येते का ते आधी बघावं लागतं, कारण बरेच जुने कॅमेरे चाळीस आणि एकशे साठ एवढे दोनच पाढे शिकलेले असतात. कोडाक्रोम तर आता मिळतच नाही. तिचं शेवटचं रीळ धुणारी जगातली शेवटची जागा, कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावातली, २०१० च्या डिसेंबरअखेर थांबली. त्या वेळी आमच्या पेटीत एकही कोरी डबी नव्हती, हे बरंच झालं.

राहिलं ते काळं रीळ. ही फिल्म सरळ चित्र देणाऱ्या जातीची, निगेटिव्ह नव्हे. तिच्यात उजेड जास्त झाला तर रंग धुऊन जातो, नुसती काच उरते, आणि ती ब्रह्मदेवालाही परत भरता येत नाही. उजेड कमी झाला तर उलट. रंग दाट साचतो, गाळासारखा, आणि गाळाच्या तळाशी पुष्कळ काही राहिलेलं असतं. चादरीवरच्या त्या दिव्याची ताकद तिथवर पोचली नव्हती इतकंच. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर रंग टिकवायला मोठी चिवट. मामांनी रागाने म्हणा, दुःखाने म्हणा, तिला पेटीत कोंडलं ही तिची उत्तम व्यवस्था झाली होती. पुण्यात हे काम करणारा एक तरुण भेटला. त्याने ती चौदा सेकंदं, म्हणजे अडीचशेच्या वर चित्रं, एकेक करून मागून प्रखर दिवा लावून टिपली.

गेल्या दिवाळीत सगळे खामगावला जमलो. आई आता नाही, मावशी आहे. चादरीऐवजी भाच्याचा टीव्ही. कॅमेराही नेला होता, चालतो हे मामांना दाखवायला. पण सेल प्रवासात संपला होता. मामांना कागदावर लिहून सांगितलं, तर त्यांनी कानातलं यंत्र काढलं, नखाने झाकण उघडलं आणि आपला सेल माझ्या तळहातावर ठेवला. बघतो तर ६७५! त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खिडकीकडे नेला, भिंतीकडे आणला. काटा हलताना बघून एक हुंकार दिला.

मग टीव्ही लावला. काठ आला, आता जळून पांढराफटक झालेला, त्याला आम्ही वाऱ्यावर सोडलं होतं. आणि त्याच्यापुढे आजी. जांभळं लुगडं, कपाळावर आडवा हात, हाताच्या सावलीतसुद्धा डोळे दिसत होते. ती हसत होती. हसत होती हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हतं. मग ओठ हलले.

मावशी म्हणाली, "बघा, 'चला घरी'च म्हणतेय." मामी म्हणाली, "छे, 'पुरे' म्हणतायत." भाच्याने ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मामा पुढे सरकून बसले. गेली पंधरा वर्षं मामा लोकांचं बोलणं निम्मं यंत्राने आणि निम्मं ओठांवरून घेतात, आणि त्या घटकेला तर यंत्र बंदच होतं. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले,

"टोपी घाल."

"काय?"

"टोपी घाल रे पोट्ट्या, म्हणतेय. ऊन लागल." आणि जरा थांबून, "मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो."

मावशीने डोळ्याला पदर लावला आणि लगेच वाद घालायला लागली की ओठ मिटले ते 'प'साठी नव्हतेच. सगळे एकदम बोलायला लागले. मामांनी चारी बाजूंना पाहिलं आणि माझ्यापुढे हात पसरला.

"माझा सेल दे आधी," ते म्हणाले. "ही काय म्हणतेय ते ऐकू दे."